खिळ्यावरची रिंग

रज्जाकभाई,

मान्यतेचं पत्र आलं. तुम्हाला माती देऊन आलो त्याच्या नवव्या दिवशी. गड्डमसिस्टरांनी पाकीट फोडलं, पत्र दोनदा वाचलं, माझ्या टेबलावर ठेवलं आणि गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या. पेशंट सकाळी येतो, ऑपरेशन होतं आणि संध्याकाळी घरी जातो, असे जे छोटे दवाखाने असतात, ते तपासून त्यांना प्रमाणपत्र द्यायला आपली संस्था आता सरकारमान्य झाली. तीन वर्षं आपण तिघं ह्या एका कागदामागं धावत होतो. पत्राला तपासनिसांची यादी जोडली आहे. तिच्यात तुमचं नाव नाही. ते मी काढलं, आणि काढल्याचं तुम्हाला सांगितलं नाही.

तेवढं सांगायला बसलोय. गेलेल्या माणसाशी बोलून काय उपयोग, असं आमची ही म्हणते. तुमच्याशी जिवंतपणी बोलून तरी कुठं उपयोग व्हायचा? तुम्ही ऐकायचात ते मशीनचं.

आपली ओळखच भांडणातून झाली. माझा डोळ्यांचा दवाखाना तेव्हा जोरात होता. हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायचं आमचं यंत्र, ऑटोक्लेव्ह, मध्येच सुस्कारे टाकायला लागलं, म्हणून कुणीतरी तुमचं नाव सुचवलं. भवानी पेठेत, यंत्रमागांच्या खडखडाटात तुमचं घर आणि घराच्याच पुढच्या खोलीत वर्कशॉप. तुम्ही आलात आणि यंत्राला हातसुद्धा न लावता आधी रजिस्टर मागितलंत. हत्यारांच्या प्रत्येक गाठोड्यात कागदाची एक पट्टी टाकायची असते. वाफ पुरेशी लागली की पट्टीवरची रेघ काळी होते आणि ती पट्टी त्या दिवसाच्या पानावर चिकटवायची. तुम्ही मंगळवारची पट्टी नखानं उचकटलीत, बुधवारची उचकटलीत, आणि दोन्हींच्या कडा एकमेकींना लावून बघितल्यात. तंतोतंत जुळल्या. एकच पट्टी मधोमध कापून दोन दिवस भागवलं होतं.

कापली होती माझ्या सिस्टरनं, पण माझ्या सांगण्यावरून. पट्ट्यांचा डबा संपला होता आणि मी म्हणालो होतो, चालवून घ्या. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायची गरजच नव्हती.

तुम्ही रजिस्टर मिटलंत. यंत्राचं दार उघडलंत, दाराच्या कडेची रबरी रिंग बोटानं चाचपलीत, ओढून बाहेर काढलीत आणि खांद्याला अडकवून जिना उतरायला लागलात. बाहेर अकरा म्हातारी माणसं डोळ्यांत थेंब टाकून बसली होती. त्यातली एक बाई वळसंगहून पहिल्या एसटीनं आली होती. रिंगेशिवाय यंत्र चालत नाही आणि यंत्राशिवाय ऑपरेशन होत नाही. मी तुमच्यामागं ओरडत रस्त्यापर्यंत आलो. स्कूटरला किक मारता मारता तुम्ही म्हणालात, "रिंग मेलीय डॉक्टर. परवा नवी आणतो. तवर माणसं घरी जाऊ द्या. डोळे हायत ते."

त्या दिवशी मी तुम्हाला काय काय म्हणालो ते इथं लिहिण्यासारखं नाही. वळसंगच्या बाईंना मीच समजावून परत पाठवलं, आणि त्या जाताना माझ्याच पाया पडल्या. तिसऱ्या दिवशी तुम्ही नवी रिंग बसवलीत, पट्ट्यांचा भरलेला डबा टेबलावर ठेवलात आणि जुनी रिंग माझ्यासमोर ब्लेडनं कापून दोन तुकडे केलेत. न कापलेली रिंग कुणीतरी परत लावतंच, म्हणालात. तुमची ती रीतच होती हे मला मागाहून कळलं. खराब रिंग काढून आणायची आणि वर्कशॉपातल्या खिळ्याला टांगायची, नवी बसली की मगच कापून टाकायची. खिळ्यावर अख्खी रिंग म्हणजे शहरात कुठंतरी एक यंत्र अजून भरवशाचं नाही. सोलापुरात तुम्हाला शिव्या देणारे डॉक्टर जितके होते, तितकेच तुम्हाला बोलावणारे होते, आणि बहुतेक ते एकच होते.

वाफ तुम्ही कॉलेजात शिकला नव्हता. चादरीच्या कारखान्यातल्या रंगखान्यात बॉयलरवर तुमची निम्मी उमर गेली. रंगखाना बंद पडला तेव्हा हातात दुसरं काही नव्हतं, म्हणून दवाखान्यांच्या यंत्रांकडे वळलात. मला एकदा तुम्ही शिकवलं होतं की वाफ डोळ्यांना दिसत नाही, दिसतं ते पाणी, वाफ कानानं ओळखायची. मी एवढा शिकलेला, तीस वर्षं तिच्या भरवशावर लोकांचे डोळे उघडत आलो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडच्या जड पाण्यानं यंत्राच्या पोटात चुन्याचा थर धरायचा, तो तुम्ही बसून खरवडायचात आणि सोबत आणलेल्या कडक भाकरीचा तुकडा शेंगांच्या चटणीला लावून मलाही द्यायचात. हात धुवा, एवढंच मी म्हणायचो.

पुढं माझा हात थरथरायला लागला आणि मी ऑपरेशन थांबवली. त्याच सुमाराला सरकारनं ठरवलं की छोट्या दवाखान्यांना दर्जाचं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आधी सरकारनं तपासायच्या, मान्य करायच्या, मगच त्यांच्या प्रमाणपत्राला अर्थ. गड्डमसिस्टर नुकत्याच हेडसिस्टर म्हणून रिटायर झाल्या होत्या. त्यांनी आणि मी संस्था काढायचं ठरवलं, आणि यादीत पहिलं नाव कुणाचं घालायचं यावर आमचं जराही दुमत झालं नाही.

तुम्ही मात्र बिचकलात. "मी सातवी नापास. चालतंय का?" मी नियम दाखवला. त्यात तांत्रिक तज्ज्ञ असा एक प्रकार होता, अनुभवावर. तुमच्या नावापुढं मी ते लिहिलं, आणि तुम्ही मला ते दोनदा वाचायला लावलंत. मग जरा वेळानं, दुसरंच काहीतरी बोलत असल्यासारखं विचारलंत, कार्ड मिळणार का? मिळणार, म्हटलं. फोटोसकट. पुढच्या शनिवारी तुम्ही जावयाचा कोट घालून स्टुडिओत काढलेले दोन फोटो पाकिटातून आणलेत. त्यात तुम्ही इतके घाबरलेले दिसता की गड्डमसिस्टर हसून हसून खालीच बसल्या आणि तेलुगूत काहीतरी म्हणाल्या. ते त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही.

शनिवार आपला भांडायचा दिवस. मी म्हणायचो, रज्जाकभाई, कागद हवा. तुमच्या बोटांत जे आहे ते तुमच्याबरोबर जाणार. प्रत्येक गावाला एक रज्जाक मिळत नाही, म्हणून नियम करायचे असतात, तुम्ही नसताना चालायला. तुम्ही चहा बशीत ओतायचात आणि म्हणायचात, कागदाला कुठं वाफ लागती? आपल्या नियमात होतं की तपासणीत चूक सापडली तर ती नोंदवायची आणि दवाखान्याला सुधारायला एक महिन्याची मुदत द्यायची. ह्यावर तुम्ही अडून बसलात. "मुदत कागदाला द्या की डॉक्टर. पेशंटला कशी द्याल?" मी उत्तर द्यायचो, लांबलचक द्यायचो, आणि तुम्ही बशी खाली ठेवून जायला उठायचात. तो वाद तिथंच राहिलाय.

मग ती तपासणी आली. मान्यता देण्याआधी सरकारी समितीचे निरीक्षक बघणार होते, आपण दवाखाना कसा तपासतो ते. म्हणजे आपण दवाखाना तपासत असताना हे आपल्याला तपासणार. दिल्लीहून दोघं आले, एक साहेब आणि एक मॅडम. दवाखाना नवा होता, लखलखीत, भिंतीवर सगळे तक्ते जागच्या जागी. मी आदल्या दिवशी तुम्हाला चार वेळा बजावलं होतं, फक्त बघायचं, लिहून घ्यायचं, हात लावायचा नाही. तुम्ही चारही वेळा व्हय म्हणालात.

तुम्ही दार उघडलंत, डोळे मिटून रिंगेवरून बोट फिरवलंत, आणि मला तुमच्या खांद्याकडे बघूनच कळलं. मी नको म्हणेपर्यंत रिंग बाहेर आली होती. मॅडमनी अगदी सभ्यपणे विचारलं, हे कोणत्या कलमाखाली? तुम्ही म्हणालात, "कलम का मेरेकू नै मालूम मॅडम. कल इदर पाँच लोगां का आपरेशन है."

आणि रिंग खांद्याला अडकवून तुम्ही जिना उतरलात. मला हसूही येत होतं आणि घामही फुटला होता.

संध्याकाळी चहाच्या वेळी मॅडम मला बाजूला घेऊन जे म्हणाल्या, ते मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगतो. त्या म्हणाल्या, हा माणूस खरा आहे हे मला दिसतं. पण रिंग काढणारा हाच आणि नवी विकणाराही हाच. शहरातल्या निम्म्या दवाखान्यांची यंत्रं हाच दुरुस्त करतो आणि हाच तपासणार. उद्या दुसऱ्या गावात दुसरा कुणी हेच करेल आणि तो खरा नसेल, तेव्हा मी काय करू? रज्जाकभाई, त्यांचं चूक नव्हतं. तुमचंही नव्हतं. मी मध्ये बसलो होतो आणि मला मान्यता हवी होती.

महिन्याभरानं अहवाल आला. सोबत एक तक्ता, आपण दवाखान्यांना भरायला देतो तसाच. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलेली त्रुटी: तपासनिसाने तपासणीदरम्यान दवाखान्याच्या यंत्राचा भाग काढून नेला. दुसऱ्या रकान्यात कारण लिहायचं, तिसऱ्यात कार्यवाही. मी दोन दिवस तो कागद घेऊन फिरलो. मग तिसऱ्या रकान्यात एक ओळ लिहिली: संबंधित व्यक्तीचे नाव यादीतून वगळण्यात आले आहे. सही केली, शिक्का मारला. संबंधित व्यक्ती. पंधरा वर्षं ज्याच्या भाकरीतली भाकरी खाल्ली, त्याला मी असं लिहिलं.

त्यानंतर चार महिने तुम्ही दर शनिवारी येत राहिलात. कार्डाचं काय झालं, हे तुम्ही विचारायचात आणि मी म्हणायचो, वरून उत्तर यायचंय. खोटं नव्हतं ते. पण खरंही नव्हतं. दर शनिवारी ठरवायचो, आज सांगू. तुम्ही चहा बशीत ओतायचात आणि मी दुसराच विषय काढायचो. मी तुम्हाला घाबरत नव्हतो. तुम्ही चिडला असता तर बरंच झालं असतं. तुम्ही नुसतं "व्हय का" म्हणाला असतात, आणि ते मला ऐकायचं नव्हतं.

शेवटच्या शनिवारी तुम्ही कार्डाचं विचारलंच नाहीत. जाताना म्हणालात, डॉक्टर, त्या दोन फोटोंतला एक द्या परत, हजच्या फॉर्मला लागायलाय. मी ड्रॉवरमधून पाकीट काढलं आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं, म्हणून मी दोन्ही पुढं केले. तुम्ही एक उचललात. दुसरा माझ्याकडे सरकवलात. "एक राहू द्या. लागला तर हाताशी असावा."

बुधवारी सकाळी नळाला पाणी आलं, तुम्ही बादल्या भरत होतात, आणि दम लागला म्हणून पायरीवर बसलात ते उठलाच नाहीत. कब्रस्तानात मी मूठभर माती टाकली. हात थरथरत होता, नेहमीसारखाच, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी तुमच्या घरी गेलो. का गेलो कुणास ठाऊक. तुमची लेक नसरीन शाळेत शिकवून नुकतीच आली होती. उर्दू शाळेतली बाई झालेली ती आता तुमच्यासारख्याच भुवया वर करून बघते. मी तिला म्हणालो, हज राहिली अब्बांची, फॉर्म भरला होता ना. ती म्हणाली, "कसला फॉर्म, अंकल? अब्बांनी कुठलाच फॉर्म भरला नव्हता."

मी तिथंच, वर्कशॉपातल्या स्टुलावर बसलो. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कुणाकडून कळलं, कधी कळलं, मला ठाऊक नाही. तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही चहाला येत होता, आणि मला सांगायची वेळ येऊ नये म्हणून तुम्हीच हजचं निमित्त काढून एक फोटो परत नेलात. आणि दुसरा का ठेवलात, हेही मला त्याच स्टुलावर कळलं. अजून तुम्हाला आशा होती. रज्जाकभाई, मी आयुष्यात पुष्कळांची माफी मागितली आहे, पण अशी मागायची राहून गेलेली एकही नव्हती.

उठलो तेव्हा खिळ्याकडे लक्ष गेलं. एक अख्खी रिंग लटकत होती. तिला दोऱ्यानं उर्दूत लिहिलेली चिठ्ठी बांधली होती, आणि शेजारी नवी रिंग, पिशवीसुद्धा न फोडलेली. नसरीननं चिठ्ठी वाचून दाखवली. त्याच नव्या दवाखान्याचं नाव होतं, दिल्लीच्या मॅडमसमोर तुम्ही रिंग काढलीत तो. अब्बा दोनदा नवी घेऊन गेले होते, ती म्हणाली, पण आम्ही दुसरीकडून घेतली असं सांगून दवाखान्यातल्यांनी दारातूनच परत पाठवलं.

तो दवाखाना आपल्या पहिल्या प्रमाणपत्राचा मानकरी ठरणार होता. त्याची फाइल माझ्या टेबलावर होती, सही राहिली होती. फाइलमध्ये नव्या रिंगेची पावती होती, फोटो होता, रजिस्टरची पानं होती. कागदात बोट ठेवायला जागा नव्हती.

सकाळी न कळवता गेलो. गड्डमसिस्टर सोबत होत्या. यंत्राचं दार उघडलं आणि तुमच्यासारखे डोळे मिटून रिंगेवरून बोट फिरवलं. खालच्या बाजूला बोट अडलं. मोठ्या मापाची रिंग आणून, तेवढी कापून, टोकं चिकटवून बसवली होती. पावती खरी होती. फोटोही खरा होता. सिस्टरांनी गाठोड्यात आपली पट्टी टाकली, यंत्र पूर्ण चालवलं, दाबाचा काटा जिथं जायचा तिथं गेला. पट्टी बाहेर काढली तर रेघ राखाडी, अर्धीमुर्धी. बाहेर फळ्यावर उद्याची यादी लावलेली होती, सहा नावं.

नियमानं मी ते लिहून घ्यायचं, त्यांना एक महिना द्यायचा आणि घरी जायचं. तो नियम मीच तुम्हाला शनिवारी शनिवारी समजावला होता.

मी रिंग ओढून काढली. तिथले डॉक्टर तरुण आहेत, वाईट नाहीत, मी पट्टी कापायला लावली तेव्हा मी होतो तितकेच आहेत. त्यांनी विचारलं, सर, हे कोणत्या कलमाखाली? मी म्हटलं, कलम नाही. सिस्टर माझ्यापुढं होऊन त्यांना म्हणाल्या की उद्याच्या सहा जणांना आजच फोन करा. मग रिंग खांद्याला अडकवून मी जिना उतरलो. ती इतकी हलकी असते हे मला माहीत नव्हतं. तुमच्या खांद्यावर नेहमी जड वाटायची.

भवानी पेठेत येऊन ती खिळ्याला टांगली. नसरीननं तुमची जुनी रिंग जरा बाजूला सरकवून जागा केली आणि नवी, पिशवीतली, दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन बसवून आली. तुम्ही तिला शिकवलं होतं हेही मला नव्यानं कळलं. परत आल्यावर तिनं दोन्ही रिंगा ब्लेडनं कापल्या. खिळा आता रिकामा आहे.

डॉक्टरांनी तक्रार केली, करायलाच हवी होती. काल समितीचं पत्र आलं, सोबत तोच तक्ता. पहिला रकाना त्यांनी भरलाय, शब्दसुद्धा तेच आहेत. दुसऱ्या रकान्यात, कारण, मी यावेळी पानभर लिहिलंय: मुदतीचा नियम चुकीचा आहे, आणि हे मला रज्जाक नावाच्या एका तांत्रिक तज्ज्ञानं सांगितलं होतं, त्याचं मी ऐकलं नाही. तुमचा फोटो तिथं टाचला आहे. हाताशी असावा म्हणाला होतात ना.

तिसरा रकाना तेवढा राहिलाय. त्याला एक ओळ पुरते आणि ती मला पाठ आहे. यावेळी ती माझ्याबद्दल आहे.